बीजेच्या दिवशीचं पाणी

गेल्या महिन्यात पेणच्या एका शाळेतून फोन आला. तिथल्या मुख्याध्यापिका एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायच्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतिहासही शिकवलात आणि विज्ञानही. आमच्या शिक्षकांसमोर अर्धा तास बोला. इतिहास आणि विज्ञान आपल्याला रोजच्या जगण्यात काय शिकवतात, असा विषय ठेवलाय." मी हो म्हणून टाकलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारणं द्यायचा मला आताशा कंटाळा येतो.

दोन्ही विषय शिकवले यात माझी काही हुशारी नव्हती. शाळा लहान. विज्ञान माझंच होतं. इतिहासाचे गुरुजी बदली घेऊन गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. "तात्पुरतं तुम्हीच बघा," असं मला सांगण्यात आलं आणि मी निवृत्त होईपर्यंत ते तात्पुरतंच राहिलं.

रोह्याच्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चार दिवस कागद घेऊन बसले. 'मानवी प्रगतीचा आढावा घेता' एवढं लिहिलं आणि खोडलं. बाहेर आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी रोजच्यासारखी भरून वाहत होती. रोज सकाळी अर्धा तास पाणी जिन्यावरून खाली उतरतं. लोक साडी, पँट वर धरून त्यातून जातात आणि ग्रुपवर फोटो टाकतात. खाली कुणीतरी लिहितं, कमिटीने लक्ष घालावं. कमिटीत मीही आहे. मीसुद्धा फोटो बघते आणि मोबाइल पालथा ठेवते.

पाचव्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तिच्यात एका अर्जाचा कच्चा मसुदा होता. या दोन विषयांनी मला जे काही शिकवलं ते त्या दोन पानांत आहे. ते मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत माझ्या भावाने मोजली.

माझं माहेर पेणहून धरमतरच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात. आमच्याकडची भाताची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. परक्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण खरंच, भरतीला बांधावर उभं राहिलं की एका हाताला पायाशी आलेलं खाडीचं पाणी आणि दुसऱ्या हाताला छातीएवढं खाली आपलं शेत. मधे फक्त मातीचा बांध. तो आहे म्हणून भात आहे. त्याला भोक पडलं की खारं पाणी आत. अशा फुटीला आमच्याकडे खांड म्हणतात.

बांध कोणा एकाचा नव्हता. प्रत्येक घरातून एक माणूस बांधाच्या कामाला जायचाच. या पद्धतीला जोळ म्हणत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, तेव्हा ओहोटी लागली की माणसं ओळीने बांधावरून चालत आणि खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने बुजवत. अनवाणी चालायचं. बाबा सांगायचे, भोक डोळ्यांना दिसायच्या आधी तळव्याला लागतं. माती तिथे किंचित पोकळ, गार लागते. मग टाचेने चिखल आत दाबायचा. एवढंच काम. कंटाळवाणं, कौतुक न होणारं, वर्षानुवर्षं तेच.

आणि एखादा आला नाही तर? त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत की वाळीत टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी गावातली चार माणसं त्याच्या ओटीवर जाऊन बसायची. काही बोलायची नाहीत, नुसती बसायची. त्या माणसाला घाम फुटायचा. शेवटी तो आत जाऊन कोरा चहा आणायचा, सगळे तो प्यायचे, उठायचे, आणि पुढच्या ओहोटीला तो माणूस सगळ्यांच्या आधी बांधावर हजर असायचा. लहानपणी मला ही मोठी गंमत वाटायची. ती चौघं अशी गप्प बसलेली बघून मी एकदा खुदकन हसले, तर आईने चिमटा काढून मला घरात ओढलं होतं.

मी शिकले. पेणला शाळा, मग पुढे कॉलेज, मग बी.एड. आमच्या गावातली शिकलेली पहिली मुलगी म्हणून मला कोण मिजास! बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. शेत दादा बघत होता. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, शाळा चौथीत सुटलेली. मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा गावात एकच विषय होता. सरकार खारबांध ताब्यात घेतंय, दगडी करून देतंय, गावाने अर्ज करायचा.

अर्ज कोण लिहिणार? सगळ्या गावाने माझ्याकडे बघितलं.

दादाला ते पटत नव्हतं. तो म्हणाला, "बांध सरकारचा झाला, तं मंग आपला काय रायला?"

मी त्याला ऐकवलं. इतिहासात याला वेठ म्हणतात, दादा. राजाने लोकांना फुकट राबवायचं, तसलंच हे. आणि विज्ञान काय सांगतं? दगड बसवून केलेलं पिचिंग मातीपेक्षा कितीतरी मजबूत. इंजिनिअर येतील, मोजमाप करतील. टाचेने चिखल दाबत बसायचे दिवस गेले. माझं वय तेव्हा तेवीस. त्या वयात माणसाला जितकं ठाऊक असतं तितकं पुढे कधीच नसतं.

दादाने पायावरचा वाळलेला चिखल खरवडला. मग म्हणाला, "तू शिकलेली हायेस. लिव गो बाय. पन लिवलंस ते वाचून दाव."

मी लिहिलं. दोन पानं, सुवाच्य अक्षरात. रात्रीची जेवणं व्हायच्या आत ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. फक्त एक ओळ गाळली. ती अशी होती: 'सदर काम आजवर अडाणी लोकांकडून अडाणी पद्धतीने, वेठीप्रमाणे चालत आले आहे.' लिहिताना ती फार ठसकेबाज वाटली होती. वाचताना समोर दादा बसलेला, आणि भिंतीला बाबांचं फावडं टेकलेलं. जीभ रेटेना. पण ती ओळ खोडावी असंही मला वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. दादाने मी बोट ठेवलं तिथे सही केली.

बांध सरकारचा झाला. आता मी कुणाच्या नावाने बोटं मोडणार नाही. काम चांगलं झालं होतं. दगड घट्ट बसवले होते, वर मुरूम टाकला होता, सायकल जाईल इतकी रुंद वाट झाली होती. तो बांध पुष्कळ वर्षं टिकला. पण खेकड्याला काय, दगड असो की माती, दोन दगडांच्या मधे त्याला जागा सापडतेच. आणि ते भोक बघायला आता कुणी चालत नव्हतं. जोळ बंद झाली. कुणी बंद केली नाही, ती आपोआप राहिली. सरकारचा बांध म्हटल्यावर आपण कशाला चिखलात पाय घालायचे? शेजारची माणसं कंपनीत लागली, शिफ्टला जाऊ लागली. माझंही लग्न होऊन मी रोह्याला आले. यजमान धाटावला नोकरीला, मी शाळेत. घड्याळाच्या काट्यावर पळत होतो दोघं.

दादा एकटा फेरी मारत राहिला. प्रत्येक उधाणाला, अनवाणी. गावातले लोक त्याला हसायचे. मीही एकदा चेष्टेने म्हटलं, "सरकारने तुला पगार द्यायला हवा." तो म्हणाला, "पगार दिला तं सुट्टी बी देतील. ती नको."

दर वर्षी पीक निघालं की तो मला तांदळाचं एक पोतं आणून द्यायचा. खाऱ्या जमिनीतला लालसर तांदूळ. त्याची पेज माझ्या मुलांनी वाडगे चाटून खाल्ली आहे.

मी निवृत्त झाले त्या वर्षी गुरुपौर्णिमेला रोह्यात माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, भाषणं. दादाने यावं असा मी हट्ट धरला. तो पौर्णिमेला सकाळी आला, पांढरा शर्ट घालून. मागे बसून त्याने सगळी भाषणं ऐकली, मधे एकदा टाळ्या चुकीच्या जागी वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तो निघायला लागला. मी म्हटलं, "दोन दिवस राहा. परवा जेवून जा."

"नाय गो. उद्या पाडवा, परवा बीज. बीजेचं पानी मोठं येतंय. उद्याच्या ओहोटीला फेरी मारायला पायजेल."

आणि मी, सकाळीच आदर्श शिक्षिका म्हणून शाल घेतलेली, त्याला शिकवायला बसले. "दादा, सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत येतात पौर्णिमेला. सगळ्यात मोठी भरती पौर्णिमेचीच. ती आज होऊन गेली. आता पाणी उतरणार. मी तीस वर्षं हेच शिकवतेय."

"पुस्तकात तसं हाय?"

"तसंच आहे. आणि बांध आता तुझा आहे का? एक फेरी चुकली तर काय आभाळ कोसळतंय?"

मग त्याने पिशवी खुंटीला अडकवली. शिकलेल्या बहिणीचा मान ठेवला त्याने. त्याची लावणी नुकतीच आटोपली होती, हे मला माहीत होतं.

बीजेला दुपारी आम्ही पानावर बसलो होतो. मी त्याला दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढत होते. दीड वाजून गेला असेल. फोन वाजला. गावातून शेजारी बोलत होता. खांड पडली होती. दादाने हातातला घास ताटात ठेवला आणि उठला.

आम्ही रिक्षाने पेण गाठलं, तिथून पुढे दुसरी रिक्षा. पोचलो तेव्हा पाणी थांबलं होतं, पण जायचं ते गेलं होतं. हिरवीगार लावणी होती तिथे तपकिरी पाणी हेलकावत होतं. बांधाला बैलगाडी जाईल एवढी फट. गावातली पुष्कळ माणसं शेतांच्या मधल्या, आतल्या दुसऱ्या जुन्या बांधावर उभी होती. काही जण मोबाइलवर फोटो काढत होते. पूर्वी हाळी आली की घराघरातून फावडं घेऊन माणूस धावायचा. आता सगळे म्हणत होते, साहेबांना कळवलंय, साहेब निघालेत.

दादा पाण्यात उतरला. एक बोट बुडवून जिभेला लावलं. तसाच उभा राहिला. मी मागे होते, तो तोंड वळवून माझ्याकडे बघेल या धास्तीने बांधावरच थांबले. त्याने बघितलं नाही.

तेवढ्यात एक गावकरी माझ्याजवळ आला आणि अगदी आदराने म्हणाला, "बाई, बरं झालं आलात. येक अर्ज लिवायला पायजेल. मागचा तुमीच लिवला व्हता ना? चांगला लिवला व्हता."

मी लिहिला. दुसरं काय करणार होते?

नंतर मी पुस्तकं उघडून बसले. शाळेतली नव्हे, वाचनालयातून आणलेली जाडी. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. चंद्र-सूर्याची ओढ पौर्णिमेला सगळ्यात जास्त असते, पण पाणी लगेच चढत नाही. झोपाळ्याला जोरात धक्का दिला तरी तो सगळ्यात उंच जायला दोन-तीन झोके जावे लागतात, तसंच. बऱ्याच किनाऱ्यांवर मोठं पाणी एक-दोन दिवसांनी येतं. म्हणजे बीजेला. चौथी शिकलेला माझा भाऊ विज्ञान बोलत होता आणि मी शाळेच्या पुस्तकातला अर्धा परिच्छेद. तीस वर्षं मी तो अर्धा परिच्छेद फळ्यावर लिहीत होते, आणि समोर बसलेल्या खाडीकाठच्या पोरांपैकी एकानेही हात वर केला नाही. कसा करणार? बाई म्हणतील ते खरं, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

खांड बुजेपर्यंत पुढची कितीतरी उधाणं येऊन गेली. जमिनीत मीठ भरलं. ते धुवून निघायला बरेच पावसाळे गोडं पाणी साचवावं लागतं, आणि तोवर तिथे तिवरं उगवली. खाडीतल्या या झाडांना आता कायद्याने तोडता येत नाही. दादाचं शेत म्हणजे आज तिवरांचं रान आहे. त्यावर बगळे बसतात.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर दादा नेहमीसारखा तांदूळ घेऊन आला. मी पोतं उघडलं तर तांदूळ पांढरा. पेणच्या बाजारातला, दिसताक्षणी कळत होतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "औंदा पांढरा झाला." मी म्हटलं, "छान आहे." आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून रडले.

त्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. खांडीबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. माझं वय आता चौऱ्याहत्तर, त्याचं एक्क्याऐंशी. आणि मला शिक्षकांना सांगायचं होतं, इतिहास आणि विज्ञान रोजच्या जगण्यात काय शिकवतात!

ट्रंकेतला मसुदा पिशवीत घातला आणि गेल्या आठवड्यात मी गावाला गेले. लोकांसमोर बोलायचं तर आधी ती एक ओळ दादाला वाचून दाखवायला हवी होती. तो माझ्यावर चिडला असता, माझ्याशी बोलणं टाकलं असतं, तरी चाललं असतं. त्याच्या मनातली माझी किंमत गेली तर माझ्याकडे दुसरं फार काही उरलेलं नाही, हेही मला कळत होतं.

तो ओटीवर बसला होता. गुडघे गेलेत. दोन वर्षं फेरी बंद आहे. वहिनी शेजारी गेली होती. मी खाली बसले, चष्मा लावला, आणि ती ओळ वाचली. 'अडाणी लोकांकडून अडाणी पद्धतीने.' म्हटलं, "दादा, ही मी तेव्हा गाळली होती. आणि बीजेला तुला अडवलं तेही मीच. दोन्ही वेळा मला वाटलं, मला जास्त कळतं."

तो शांतपणे म्हणाला, "ती वळ मना ठावं हाय."

"कशी?"

"साहेब बांध ताब्यात घ्याया आला व्हता. त्यानं पुरा अर्ज वाचला सगल्या गावासमोर. तू तवा शालंवर गेलेली."

म्हणजे पन्नास वर्षं. ती ओळ ऐकून त्याने बांधावर फेऱ्या मारल्या, मला तांदूळ आणून दिला, माझ्या सत्कारात टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, इतकी की वर बघवेना. विचारलं, "मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलायचा? बाबाला बी लिवता-वाचता येत नव्हतं. खोटं काय लिवलंस?" मग तो म्हणाला, "मना दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटतंय."

"शेताचं?"

"शेताचं तं हायच. पन बीजेची फेरी मी चुकलो ना? खांड पडली. दुसऱ्या दिशी मी सकालपासून या ओटीवर बसून व्हतो. म्हटलं, आता चार मान्सं येतील. बसतील. चहाचं आधन ठेवाया सांगितलं व्हतं तुझ्या वहिनीला." तो अंगणाकडे बघत होता. "कोन आला नाय गो. येक मानूस आला नाय."

मी मसुदा पिशवीत ठेवला. चष्मा काढला. त्याच्यासमोर ओटीवर, भिंतीला न टेकता, मांडी घालून बसले. आणि गप्प राहिले.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याची मान खाली गेली. आम्ही तसेच बसलो. रस्त्यावरून एक बस गेली, कुणाची तरी कोंबडी पायरीवर चढून उतरली. बऱ्याच वेळाने तो हाताने भिंत धरून उठला, आत गेला. भांड्यांचा आवाज आला. मी मदतीला उठले नाही. त्याने दोन कप आणले, बशीत निम्मा सांडलेला. कोरा चहा. आम्ही तो प्यायलो.

बाहेरचा बांध आता तिवरांत गेला आहे. आतला जुना बांध तेवढा राहिलाय, आणि त्याच्यामागे गावाची उरलेली शेतं आणि घरं. त्यावर कुणी चालत नाही.

मी विचारलं, "आज तिथी कोणती?"

"पाडवा. उद्या बीज."

ओहोटी लागलेली होती. मी पदर खोचला आणि पायऱ्या उतरले.

"बाय," मागून दादाने हाक मारली. "चप्पल काढ. चपलेनं भोक कलत नाय."

मी चप्पल काढून त्याच्या पायरीवर ठेवली.